ओख्याला एक दिवस द्या : बडोद्यातील मराठी मंडळांच्या सहल-समित्यांना खुले पत्र

प्रति,
बडोद्यातील मराठी मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ व महिला मंडळे यांच्या सहल-समित्यांचे सर्व कार्यकर्ते

सप्रेम नमस्कार.

दिवाळी आटोपली की आपल्यापैकी बहुतेक मंडळे सौराष्ट्राची सहल काढतात आणि तिची कार्यक्रमपत्रिका माझ्यासारख्या वर्गणीदार सभासदाच्या घरी येऊन पडते. जामनगर, द्वारका, नागेश्वर, गोपी तलाव, बेट द्वारका, पोरबंदर आणि सोमनाथ ही ठिकाणे तीत ठरलेल्या क्रमाने असतात, आणि ओखा या बंदराच्या गावाचे नाव आलेच तर ते ‘ओखामार्गे बेट द्वारका’ एवढ्यापुरते येते. गेल्या वर्षीच्या एका पत्रिकेत तर तेवढेही नव्हते. द्वारकेनंतर एकदम बेट, जणू मधला ३० किलोमीटरचा मुलूख कुणी कात्रीने कापून काढला असावा. माझी विनंती अशी आहे की, द्वारकेच्या मुक्कामातील एक दिवस आपण ओख्यासाठी राखून ठेवावा. तो का ठेवावा आणि कसा ठेवावा, याबद्दल मला काही सविस्तर सांगायचे आहे. रेल्वेच्या मालविभागातील नोकरीमुळे माझी काही वर्षे ओखा-मिठापूरच्या बाजूला गेली, त्यामुळे हे लिहिण्याचा थोडाफार अधिकार माझ्याकडे आहे असे मी समजतो.

ओख्याच्या शेजाऱ्यांशी माझे काही भांडण नाही. द्वारका हे चार धामांपैकी एक धाम आहे. तिथे जाणाऱ्याला जगतमंदिराचा कळस आणि गोमतीचा घाट सोडून दुसरे काही सुचू नये हे स्वाभाविकच आहे. बेट द्वारकेला श्रीकृष्णाचे निवासस्थान मानतात. शिवराजपूरच्या किनाऱ्याला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग मानांकन मिळाले आणि तेव्हापासून तरुण मंडळी तिथे गाड्या भरभरून येऊ लागली. शेवटी २५ फेब्रुवारी २०२४ रोजी सुदर्शन सेतूचे उद्घाटन झाले : २.३२ किलोमीटर लांबीचा, तारांवर तोललेला, पादचारी मार्गावर गीतेचे श्लोक कोरलेला आणि त्याच मार्गाच्या छपरावर सौरऊर्जेच्या पट्ट्या बसवलेला पूल. पूल देखणा आहे यात वाद नाही. त्याचा दुसरा परिणाम मात्र असा झाला की, पूर्वी बेटावर जायला ओख्याच्या जेट्टीवर उतरून होडीची वाट पाहावी लागे, निदान चहा तरी ओख्यात प्यावा लागे, तेही आता उरले नाही. बस द्वारकेहून निघते ती थेट बेटावर जाऊन थांबते, आणि ओखा डाव्या-उजव्या खिडक्यांतून निघून जाते.

२०११ च्या जनगणनेत ओखा नगरपालिकेची लोकसंख्या ६० हजारांच्या वर होती आणि द्वारकेची ४० हजारांच्या आत होती, हे सांगितले तर आपल्यापैकी अनेकांना खरे वाटणार नाही. नगरपालिकेच्या हद्दीत मिठापूर, आरंभडा आणि सूरजकराडी येतात म्हणून आकडा फुगतो हे मान्य करूनही, ज्याला आपण वाटेवरचे ठाणे समजतो ते तालुक्यातील मोठे गाव आहे, एवढे तरी लक्षात घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. ओखा हे बडोदे संस्थानाने उभारलेले बंदर आहे. १८१६ साली इंग्रजांच्या फौजेने ओखामंडळ, म्हणजे ओखा-द्वारकेचा मुलूख, जिंकला आणि पुढच्या वर्षी तो बडोद्याच्या गायकवाडांच्या स्वाधीन केला. तेव्हापासून १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत, म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे, सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचा हा तुकडा बडोद्याच्या दरबाराच्या अमलाखाली होता. आपल्या संस्थानाचा नकाशा ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की तो सलग नव्हताच. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे प्रांत दुसऱ्यांच्या मुलखांमध्ये विखुरलेले होते, आणि अमरेलीच्या कारभारात मोडणारे ओखामंडळ तर राजधानीपासून सर्वांत दूर, कच्छच्या आखाताच्या तोंडाशी होते. राजधानीला समुद्र नाही, पण संस्थानाला आहे, अशी ही अवस्था होती. बिलिमोरा होते, कोडिनारचा किनारा होता. तरी मोठ्या आगबोटी लागतील, पावसाळ्यातही चालेल आणि बेटाच्या आडोशामुळे लाटांपासून आसरा मिळेल अशी जागा ओख्यालाच होती.

सयाजीराव महाराजांनी ती हेरली. दिवाणपदी मनुभाई मेहता असताना, १९२६ साली, ओखा बंदर सुरू झाले. त्याआधीच संस्थानाने स्वतःची ओखामंडळ रेल्वे कुरंगापासून टोकापर्यंत आणली होती, म्हणजे बोटीतून उतरलेला माल तिथेच डब्यात चढवण्याची सोय झाली होती. बंदर आणि रेल्वे एकाच हाताने बांधण्यामागचा विचार माझ्यासारख्या मालविभागातल्या माणसाला विशेष भावतो, कारण माल बोटीतून उतरवणे सोपे असते, तो पुढे हलवणे कठीण असते, आणि आजही कितीतरी ठिकाणी धक्का आधी होतो नि रूळ दहा वर्षांनी येतात.

महाराजांची ही चाल इंग्रज सरकारला मात्र रुचली नाही. काठियावाडच्या, म्हणजे सौराष्ट्राच्या, संस्थानी बंदरांतून येणारा माल मुंबई बंदराचा धंदा आणि सरकारचा जकातीचा महसूल बुडवतो अशी तक्रार होती. काठियावाडच्या वेशीवरील विरमगामची जकातीची चौकी, जिच्यावर उतारूंच्या ट्रंका उघडून पाहिल्या जात आणि जी लोकांच्या तक्रारींनंतर १९१७ साली उठवण्यात आली होती, तीच १९२७ मध्ये पुन्हा बसवण्यात आली. ओखा बंदर सुरू होऊन तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. ओखा मुंबईसारखे का वाढले नाही, असा प्रश्न सहलीत कुणी विचारलाच, तर उत्तराचा पहिला भाग या चौकीपाशी आहे. पुढचा भाग फाळणीनंतरच्या काळातला आहे : कराचीची जागा घेण्यासाठी सरकारने कांडल्याचे मोठे बंदर उभारले आणि कच्छच्या आखातातले लक्ष व पैसा तिकडे वळला.

तरी त्या मधल्या वीस-पंचवीस वर्षांत ओख्याच्या आसऱ्याने काय काय उभे राहिले ते पाहा. इंग्लंडात शिकून आलेल्या कपिलराम वकील यांनी महाराजांचा पाठिंबा मिळवून १९२७ साली इथे ओखा सॉल्ट वर्क्स हे मिठागर काढले. पाऊस कमी, ऊन भरपूर, जवळच चुनखडी आणि खाऱ्या पाण्याला तोटा नाही, असा हा कोरडा मुलूख शेतकऱ्याला रडवणारा असला तरी रसायनांच्या धंद्याला मानवणारा होता. १९३९ साली त्याच पायावर टाटा केमिकल्स उभी राहिली आणि मिठापूर वसले. आपल्या स्वयंपाकघरात ज्या मिठाची पिशवी असते तिचे मूळ गाव हे आहे. सोडा ॲशचा (काच आणि साबणासाठी लागणाऱ्या रसायनाचा) मोठा कारखानाही इथलाच. १९४२ साली बिर्लांनी हिंदुस्थान मोटर्सची स्थापना केली तीही पोर्ट ओखा येथे. बाहेरून आलेले भाग इथे जोडून मोटारी तयार होत, आणि १९४८ मध्ये तो कारखाना बंगालमध्ये उत्तरपाड्याला गेला. आपल्यापैकी ज्यांच्या घरी कधी काळी अँबेसेडर होती त्यांनी हे नातवंडांना जरूर सांगावे, की त्या गाडीच्या कंपनीचे पहिले अंगण बडोदे सरकारच्या बंदरात होते.

युद्धाच्या गोष्टी मी थोडक्यात सांगतो, कारण त्या सांगणारे पुष्कळ आहेत. १९६५ च्या सप्टेंबरात पाकिस्तानी नौदलाने द्वारकेवर तोफा डागल्या, हे सगळ्यांना माहीत असते. १९७१ मध्ये आपल्या क्षेपणास्त्र नौका ओख्याच्या बाजूला गस्तीवर ठेवलेल्या होत्या, आणि ४ डिसेंबरच्या कराचीवरील हल्ल्यानंतर पाकिस्तानी विमानांनी ओखा बंदरातील इंधनाच्या साठ्यावर आणि त्या नौकांच्या जेट्टीवर बॉम्ब टाकले, हे फारसे कुणी सांगत नाही. नौका त्याआधीच तिथून हलवल्या होत्या. दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा होतो. आपल्या डिसेंबरच्या सहली बहुधा त्याच आठवड्यात द्वारकेत असतात.

आता एक गोष्ट, जी मराठी मंडळांच्या व्यासपीठावरून सहसा बोलली जात नाही. ओखामंडळावर आपले राज्य होते, याचा अर्थ तिथल्या सगळ्यांना ते हवे होते असा नाही. हा मुलूख वाघेर या इथल्या लढवय्या जमातीचा. १८१७ नंतर बडोद्याहून वहिवाटदार (तालुक्याचे अधिकारी) आणि शिबंदी आली, वाघेरांना द्यायच्या ठरलेल्या रकमा थकू लागल्या, कारभाऱ्यांची वागणूक अनेकदा उर्मट होती, आणि असंतोष साचत गेला. जोधा माणेक आणि मूळू माणेक यांच्या नेतृत्वाखाली वाघेरांनी द्वारका आणि बेट गायकवाडांच्या फौजेकडून हिसकावून घेतले, आणि १८५९ च्या ऑक्टोबरात इंग्रजांच्या जहाजांनी आणि पलटणींनी ते परत घेतले. बेटावर तोफा चालल्या तेव्हा देवळांनाही इजा झाली. मूळू माणेक पुढे बरीच वर्षे झुंजत राहिला आणि १८६८ साली मारला गेला. सौराष्ट्रात त्याच्या नावाची गाणी आजही म्हटली जातात. बडोद्याच्या मराठी माणसाने ओख्याला जाताना महाराजांचा अभिमान जरूर न्यावा, पण तो न्यायचा तर ही बाजूही ठाऊक असायला हवी, नाहीतर तिथल्या माणसासमोर आपली अवस्था जुन्या मामलेदारासारखी होते. माझ्या मते सयाजीरावांच्या कारकिर्दीत उभे राहिलेले बंदर, शाळा आणि रेल्वे यांचे मोल कळते ते आधीच्या अर्धशतकाचा हा हिशोब समोर ठेवला तरच.

सहल-समितीच्या बैठकीत हे सगळे सांगितले की एकच प्रश्न येतो : “ते सगळे ठीक, पण तिथे बघायला काय आहे?” प्रश्न रास्त आहे, कारण सभासद पैसे भरतात ते इतिहासाच्या तासाला बसण्यासाठी नाही. म्हणून सांगतो.

पहाटे मासळीच्या धक्क्यावर जावे. समुद्रावरून आलेले ट्रॉलर एकमेकांना खेटून इतके दाटीने लागलेले असतात की खलाशी एकावरून दुसऱ्यावर पाय टाकत काठावर येतात. एकीकडे पोटातल्या खणातून टोपल्या आणि प्लास्टिकचे क्रेट वर येत असतात, त्यांत वाकटी, माकूल, पापलेट, कोळंबी असे वेगवेगळे लावणे चालू असते. दुसरीकडे निघायच्या तयारीत असलेल्या बोटीत बर्फ भरला जातो. बर्फाच्या लाद्या यंत्रात टाकल्या की त्यांचा चुरा होऊन तो पन्हाळीतून घरंगळत थेट बोटीच्या खणात पडतो, आणि खाली उभा असलेला माणूस, डोक्याला फडके गुंडाळून, फावड्याने तो कोपऱ्याकोपऱ्यांत सारत राहतो. बोट जितके दिवस समुद्रात राहणार त्या हिशोबाने बर्फ, डिझेल, गोडे पाणी, पीठ आणि बटाटे चढतात. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, काठावर उभा राहून वहीत टिपणे करत असतो. बर्फ कमी पडला तर शेवटच्या दिवसांची मासळी हाती लागूनही भाव मिळत नाही, म्हणून सगळ्यांत जास्त घासाघीस मासळीच्या भावावर होते असे आपल्याला वाटले तरी मी ती बर्फाच्या हिशोबावर अधिक पाहिली आहे. या बोटी ज्या पाण्यात जातात त्याच्या पलीकडे सागरी हद्द आहे. ती ओलांडली म्हणून पकडून नेलेले आणि महिनोन्‌महिने पाकिस्तानच्या तुरुंगात काढलेले खलाशी या किनाऱ्यावरच्या गावागावांत भेटतात. असा कुणी भेटला आणि स्वतःहून बोलला तर ऐकावे, विचारून मात्र छळू नये.

वासाबद्दल आधीच सांगून टाकतो. सुकवलेल्या मासळीचा वास येतो, आणि आपल्या मंडळांतील काही ज्येष्ठ सभासदांना तो सहन होणार नाही. त्यांच्यासाठी दुसरी सोय आहे : प्रवासी जेट्टीवर बसावे. हिवाळ्यात कुरवांचे थवेच्या थवे तिथे असतात. होडीच्या मागे हे पक्षी उडत येत आणि उतारू त्यांना गाठिये टाकत, हे दृश्य ज्यांनी पुलापूर्वी पाहिले आहे ते विसरलेले नसणार. पूल झाल्यावर बेटाच्या उतारूंची गर्दी तिकडे वळली आणि होडीवाल्यांचा धंदा बसला. म्हणून माझी खास विनंती आहे की, जाताना बस पुलावरून नेली तरी येताना, किंवा उलट, एक बाजू होडीने करावी. पुलाचा सर्वांत चांगला देखावा पुलावरून दिसतच नाही; तो पाण्यातून, खालून वर पाहताना दिसतो. होडी निवडताना ती खच्चून भरलेली नसावी आणि अंगात घालायची जाकिटे प्रत्येकाला मिळावीत, याबाबत मात्र समितीने भीड ठेवू नये. हरणी तलावाची जानेवारी २०२४ ची दुर्घटना आपल्या शहरातलीच आहे.

पोवळ्यांबद्दलही विचारणा होते. जामनगरपासून ओख्यापर्यंतचा किनारा आणि बेटे १९८२ पासून सागरी राष्ट्रीय उद्यानात आहेत, आणि देशातले असे उद्यान हे पहिलेच. पण ओख्याच्या बाजूला पाण्यात उतरून पोवळी पाहू असा बेत आखू नये. त्यासाठी जामनगरजवळचे नरारा बरे, तिथे ओहोटीच्या वेळी, वनखात्याची परवानगी काढून, वाटाड्याबरोबर चालत जाता येते. ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते, म्हणून तारीख ठरवतानाच भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे लागते. जामनगरच्या मुक्कामात हे बसवता आले तर उत्तम, नाही बसले तर सोडून द्यावे.

बंदराच्या मुख्य भागात मनाला येईल तसे फिरता येत नाही. बंदर गुजरात मेरीटाइम बोर्डाकडे आहे, शेजारी नौदलाचा आणि तटरक्षक दलाचा तळ आहे, आणि अनेक ठिकाणी छायाचित्रे काढायला मनाई आहे. समितीने आधी रीतसर पत्र पाठवून परवानगी मागावी, सोबत सभासदांची यादी आणि ओळखपत्रांच्या प्रती जोडाव्यात. ऐनवेळी फाटकावर जाऊन ‘आम्ही बडोद्याहून आलो आहोत’ असे सांगून काम होत नाही; ते १९४९ पूर्वी झाले असते. मिठापूरच्या कारखान्यालाही असेच पत्र द्यावे. आत जाऊ दिले नाही तरी रस्त्यावरून दिसणारी मिठागरे, मिठाचे पांढरे ढीग आणि खाऱ्या पाण्यात उभे असलेले रोहित पक्षी एवढे पाहण्यासारखे आहेच.

जेवणाखाण्याची आणि मुक्कामाची सोय द्वारकेच्या तुलनेत बेताची आहे हे मी लपवत नाही. म्हणून मुक्काम द्वारकेलाच ठेवावा आणि पहाटे निघून दुपारपर्यंत परतावे, किंवा रेल्वेने जाणाऱ्या मंडळांनी उलट करावे : मुंबईहून बडोदेमार्गे जाणारी सौराष्ट्र मेल शेवटपर्यंत, म्हणजे ओख्यापर्यंत जाते, अहमदाबादहून वंदे भारतही आता ओख्यापर्यंत येते. द्वारकेला सगळा डबा रिकामा होतो आणि शेवटची ३० किलोमीटर गाडी जवळजवळ मोकळी धावते. त्या तुकड्यात उजव्या-डाव्या बाजूला काय दिसते ते पाहावे म्हणून तरी एकदा तिकीट पुढपर्यंतचे काढावे. फरक थोड्याच रुपयांचा पडतो.

ओख्यातील दुकानदार, होडीवाले आणि रिक्षावाले यांच्यासाठी ही सहल काय करील याबद्दल मी मोठ्या गोष्टी सांगणार नाही. पन्नास माणसांच्या एका बसने गावाचा धंदा सुधारत नाही. पण आपल्या शहरातून हिवाळ्यात द्वारकेला जाणाऱ्या बसगाड्या थोड्याथोडक्या नसतात, आणि त्यांतील निम्म्या जरी ओख्यात दोन तास थांबू लागल्या तरी तिथे एखादी बऱ्यापैकी खानावळ आणि स्वच्छ स्वच्छतागृह उभे राहायला कारण मिळेल. सध्या कुणी थांबत नाही म्हणून सोय नाही आणि सोय नाही म्हणून कुणी थांबत नाही, अशी कोंडी आहे. ती सरकारी पत्रव्यवहाराने सुटेल असे मला वाटत नाही. बस थांबल्याने सुटेल.

दुसरी विनंती सहलीपुरती नाही. १९२६ साली सुरू झालेल्या ओखा बंदराचे २०२६ हे शताब्दीचे वर्ष आहे. बडोद्याच्या अभिलेखागारात संस्थानाचे दप्तर आहे; त्यातील एकोणिसाव्या शतकातील मोडी कागद वाचणारी माणसे आपल्या शहरात अजून आहेत, आणि मोडीचे वर्ग काढून शिकवणारी मंडळेही आपल्यातच आहेत. मोडीच्या वर्गात दरवर्षी त्याच त्या सनदा आणि त्याच त्या पत्रांचा सराव करण्यापेक्षा ओखामंडळाच्या वहिवाटीचे कागद मिळवून त्यांचे वाचन केले, आणि बंदर व रेल्वे यांच्या बांधणीसंबंधीचे नंतरचे गुजराती-इंग्रजी कागद त्याला जोडले, तर एक छोटे प्रदर्शन सहज होईल. ते प्रथम बडोद्यात लावावे आणि नंतर, शक्य झाल्यास, ओख्यातील एखाद्या शाळेत न्यावे, गुजराती मजकुरासह. त्यात वाघेरांची बाजू सांगणारे फलकही असावेत आणि ते तिथल्याच जाणकारांकडून लिहून घ्यावेत. आपण लिहिले तर ते पुन्हा वहिवाटदाराचे अहवाल होतील.

या कामासाठी येणाऱ्या खर्चाचा प्रश्न कुणी काढील, म्हणून सांगतो की फलकांच्या छपाईसाठी माझा वाटा मी आगाऊ भरायला तयार आहे. मोडी मला येत नाही, परंतु जुन्या रेल्वे पावत्या, वॅगनांच्या नोंदी आणि मालाची वर्गवारी यांचा अर्थ लावण्याचे काम माझ्यावर सोपवल्यास ते मी करीन.

या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिका साधारणपणे नवरात्राच्या सुमारास छापायला जातात. त्याआधी होणाऱ्या आपापल्या समितीच्या बैठकीत हे पत्र वाचून दाखवावे, आणि ओख्याचा दिवस धरला की नाही हे मंडळाच्या सूचनाफलकावर लिहावे. धरला असल्यास बंदर आणि कारखाना यांना पाठवायच्या अर्जांचे मसुदे गुजरातीत तयार करून देण्याची जबाबदारी मी घेतो. ते मंडळाच्या कार्यालयातून आठवडाभरात मिळतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बडोद्यातील एका मराठी मंडळाचा वर्गणीदार सभासद
(रेल्वे मालविभाग, सेवानिवृत्त)